खोळीतली होंडा

१९८५ साली होंडाच्या दोन मोटारसायकली दोन टोकांना लोकांपुढे आल्या. एक धारुहेड्याच्या कारखान्यातून निघालेली हिरो होंडा सीडी १००. शंभरला थोडे कमी सीसी, चार स्ट्रोक आणि पेट्रोलच्या बाबतीत कमालीची चिंगूस. दुसरी त्याच वर्षी ४ जानेवारीला अमेरिकेत एबीसी वाहिनीवर अवतरली. काळीकुट्ट, टोकदार नाकाची, लेसर डागणारी, ताशी तीनशे मैल म्हणजे सुमारे ४८० किलोमीटर पळणारी. नाव ‘स्ट्रीट हॉक’. वरचा काळा साज काढला असता तर आत निघाली असती रानावनात हाणायची होंडा.

पुढे ही मालिका आपल्याकडे दूरदर्शनवर आली. बारामती-इंदापूरकडच्या घरांतही ती पोचली. मुंग्या दिसत, अधूनमधून कोणाला तरी पत्र्यावर चढून अँटेना फिरवावा लागे, ते वेगळं. तेव्हा रस्त्यावर दिसायच्या त्या दुधाचे कॅन लटकवलेल्या राजदूत, पाटील-बागायतदारांच्या बुलेट आणि ज्यांच्या घरी ऊसबिल बरं आलेलं असे अशा पोरांच्या यामाहा आरएक्स १००. (हीसुद्धा १९८५ चीच. दुचाकीवाल्यांनी हे साल लक्षात ठेवायला हरकत नाही.) नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून आरएक्स पिळणाऱ्याला ‘लई उडतोय, स्ट्रीट हॉक समजतो काय’ असं कोणीतरी म्हणायचंच.

गोष्ट अगदी साधी. जेसी मॅक हा मोटारसायकलवरचा पोलीस. एका हल्ल्यात गुडघा जायबंदी होतो आणि खात्यात त्याला जनसंपर्काचं टेबल मिळतं. नॉर्मन टटल हा सरकारी अभियंता गुपचूप एक लढाऊ दुचाकी तयार करतो आणि ती चालवायला याला निवडतो. दिवसा टेबल, रात्री गुन्हेगारांचा पाठलाग. रेक्स स्मिथ गाडीवर, जो रेगलबुटो तळघरातल्या पडद्यांपुढे. ‘नाइट रायडर’ची बोलकी मोटार १९८२ पासून गाजत होती, १९८४ मध्ये ‘एअरवुल्फ’चं हेलिकॉप्टर आलं, दुचाकीचाच काय तो नंबर लागायचा होता. कथा लिहिणाऱ्यांनी फार डोकं चालवलं असं मला वाटत नाही. डोकं चालवलं ते गाडी रेखाटणाऱ्यांनी.

मालिकेच्या पहिल्या भागासाठी गाडी बेतली अँड्र्यू प्रोबर्ट यांनी. आधार घेतला १९८३ च्या होंडा एक्सएल ५०० चा. एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, उंच सीट, लांब शॉकअप. डांबरी आणि कच्चा असे दोन्ही रस्ते जमणारी गाडी. हा आधार नीट विचार करून निवडलेला दिसतो. रस्त्यावरच्या रेसिंग गाडीला अशी खोळ चढवली असती तर ती पहिल्याच उडीत बसली असती. टीव्हीवरच्या नायकाला पायऱ्या उतरायच्या, गल्लीबोळातून निसटायचं, मोटारींवरून उड्या मारायच्या. त्याला शर्यतीच्या वेगापेक्षा आपटून घ्यायची ताकद जास्त लागते.

मालिका पुढे चालू झाल्यावर गाडीचं रूप रॉन कॉब यांनी सुधारलं, आणि कसरतींसाठी होंडा सीआर २५० आली. ही मोटोक्रॉसची गाडी, दोन स्ट्रोकची, अंगाने हलकी. तिला मुळात हेडलाइट नसतो, इंडिकेटर नसतो. मातीच्या ट्रॅकवरून ती सार्वजनिक रस्त्यावर येईल अशी कोणाची अपेक्षाच नसते. तिला काळी खोळ घालून रस्त्यावर आणली. अशा मालिकांत गाडी कधीच एक नसते. जवळून दाखवायची वेगळी, तिचा रंग-फिनिश चकचकीत. उडवायची, पाडायची, पुन्हा उभी करायची ती वेगळी. प्रेक्षकाला एकच जनावर धावताना दिसतं, प्रत्यक्षात गॅरेजमध्ये सगळं खिल्लार बांधलेलं असतं.

प्रोबर्ट आणि कॉब या दोघांची नावं सिनेमाच्या नादी लागलेल्यांना अनोळखी नाहीत. ‘बॅक टू द फ्यूचर’ मधली काळाच्या मागेपुढे धावणारी डेलोरियन मोटार ज्यांच्या कागदावरून उतरली त्यांत हे दोघंही होते. तो सिनेमाही १९८५ चाच. त्यातला विस्कटलेल्या केसांचा शास्त्रज्ञ झालेला क्रिस्टोफर लॉइड ‘स्ट्रीट हॉक’च्या पहिल्या भागात खलनायक होता. पुढच्याच एका भागात तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नसलेला जॉर्ज क्लूनी चमकून गेला. शीर्षकसंगीत ‘टँजरिन ड्रीम’ या जर्मन चमूचं. एवढी माणसं हाताशी असताना मालिका तेरा भागांत का गुंडाळावी लागली? एक कारण वेळापत्रकात आहे. शुक्रवारी रात्री नऊला सीबीएसवर ‘डॅलस’ असे, आणि त्याच वेळेला एबीसीने ही दुचाकी उभी केली. तेलसम्राटांच्या भाऊबंदकीपुढे लेसरचा निभाव लागला नाही. १६ मे १९८५ ला अमेरिकेत खेळ आटोपला.

आता त्या तीनशे मैलांचं बघू. जेसी एक बटण दाबायचा, संगणक गाडी हातात घ्यायचा आणि रात्रीचे रस्ते दोन्ही बाजूंनी उजेडाच्या रेघा होऊन अंगावर यायचे. त्यात इंजिनचा वाटा शून्य, कॅमेऱ्याचा शंभर टक्के. फिल्मवर एरवी सेकंदाला चोवीस चित्रं टिपतात आणि तेवढीच दाखवतात. टिपताना सहाच टिपली आणि दाखवताना चोवीसच्या गतीने सोडली, की ताशी ऐंशीने चाललेली गाडी तीनशे वीसने पळाल्यासारखी वाटते. रात्र यासाठी सोयीची, कारण अंधारात रस्त्याकडेची माणसं, झाडं दिसत नाहीत. दिसले असते तर पादचारीही चौपट वेगाने पाय उचलताना सापडले असते. एखादा भाग पुन्हा पाहिलात तर बाजूच्या मोटारींकडे लक्ष ठेवा. त्याही बिचाऱ्या घाईत असतात.

त्या काळी खरा वेग किती होता? डॉन व्हेस्को यांनी १९७८ मध्ये बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी ३१८.५९८ मैल गाठले होते, म्हणजे स्ट्रीट हॉकपेक्षा थोडा जास्तच. पण ती होती लांबलचक, बंद, बाणासारखी नळी. आत दोन कावासाकी इंजिनं आणि चालक जवळपास आडवा. मैलोन्मैल सपाट मीठ, वळण नाही, सिग्नल नाही. ताठ बसलेला माणूस शहराच्या रस्त्यावर त्या वेगाला गेला तर वाराच त्याला गाडीवरून उचलून टाकील.

वेगाच्या या पोकळ बाता आमच्या भागात ऐकल्या जात होत्या, तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला खऱ्या वेगाचं सामान तयार होत होतं, आणि आमच्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी वसवलेलं हे गाव आम्हाला साखरेसाठी माहीत. तिथल्या अवजड यंत्रांच्या कारखान्याने इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर-केसिंग बनवली. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा म्हणजे सुमारे १३८ टन घन इंधन कोंबलेलं २.८ मीटर व्यासाचं नळकांडं. त्याचं कवच मॅरेजिंग नावाच्या खास पोलादाचं, वेगवेगळ्या भागांत बनवून जोडलेलं. जोड जरा कुठे चुकला तर सगळं काम अवकाशाऐवजी समुद्रात जातं. लेसरवाल्या होंडाची खोळ मात्र फायबरची, तडकली तर दुसरी.

हीच गाडी कोणी हौसेने इथे बनवून बारामतीच्या आरटीओत नेली तर? एमएच ४२ ची पाटी तिला मिळणं कठीण. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल चालणार नाहीत असं बजावलं. मुंबईच्या अक्षय वर्देंसारख्यांनी बुलेटवर नव्या बांधणीचं काम करून नाव कमावलं, पण गावोगावच्या मिस्त्रींचं कौशल्य सायलेन्सर आणि हँडलपाशीच अडलं. सायलेन्सरपुरता तो कायदा मला मान्य आहे. रात्री दोनला फटाके फोडत जाणाऱ्यांची बाजू कोण घेणार?

टोकदार नाकाची, पूर्ण फेअरिंगची मोटारसायकल मात्र आता बारामतीतच तयार होते. इथे पियाजिओची आपे रिक्षा आधीपासून बनायची, २०१२ पासून व्हेस्पाही. त्याच कारखान्यातून आलेली एप्रिलिया आरएस ४५७ डिसेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या इंडिया बाइक वीकमध्ये ४ लाख १० हजारांच्या किमतीला जाहीर झाली. दोन सिलिंडर, सुमारे ४७ अश्वशक्ती, ॲल्युमिनियमची चौकट, पेट्रोल भरून १७५ किलो. तिच्या फेअरिंगला वाऱ्याचं खरं काम आहे. ती परदेशांतही जाते. एमआयडीसीतून बाहेर पडलं की पहिला स्पीडब्रेकर लागतो, आणि तिथे एप्रिलियाही दुधाच्या राजदूतइतकीच हळू होते.