पाल, सरडा की घोरपड? 'पेट लिझर्ड' घ्यायच्या आधी हे ऐका

आजचा विषय जरा वेगळा आहे. देवणी म्हटलं की लोकांना आपली ती काळी-पांढरी गाय आठवते, आणि आज मी बोलणार आहे पालींवर. कारण असं की मागच्या आठवड्यात आपल्याच तालुक्यातल्या एका कॉलेजच्या पोराने मला एक फोटो पाठवला. वीतभर जनावर, अंगावर पिवळसर ठिपके आणि गडद पट्टे. खाली मेसेज: "दादा, इन्स्टावर एक जण विकायलाय. फॉरेनची ब्रीड म्हणे. घेऊ का?"

फोटो झूम केला तर मान लांब, आणि बाहेर आलेल्या जिभेला सापासारखी दोन टोकं. कसली फॉरेन ब्रीड घेऊन बसलात! ते आपल्याच माळावरच्या घोरपडीचं पिल्लू होतं.

आता यात केवढी जोखीम आहे ते सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. म्हणजे संरक्षणाच्या बाबतीत ती वाघाच्याच यादीत बसते. धरली, विकली, घरात ठेवली, तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद, आणि किमान 25,000 रुपये दंड. 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर तिथे चालत नाही. नोकरीच्या वयात अशी केस अंगावर आली तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

आपल्याकडे घोरपडीचं नाव निघालं की तानाजी मालुसऱ्यांची यशवंती आठवते. ती दंतकथा आहे, पण लोकांचं प्रेम खरं आहे. आणि त्याच घोरपडीला मांसासाठी मारतात. नराचं वाळवलेलं जननेंद्रिय 'हत्था जोडी' म्हणून विकतात. वनस्पतीचं दुर्मिळ मूळ आहे, घरात ठेवलं की पैसा येतो, असं सांगून ऑनलाइनसुद्धा विकलंय लोकांनी. घेणाऱ्याला पत्ताच नसतो आपण काय पूजतोय.

म्हणून आधी ओळख. चार गोष्टी बघा: डोळे, बोटं, कातडी, जीभ. घरातल्या पालीला पापणी नसते, ती जिभेने डोळा पुसते, आणि बोटांखाली चिकटायच्या पट्ट्या असतात. सरड्याला पापण्या असतात, खवले खरखरीत, मानेवर काटेरी तुरा; विणीच्या काळात नराचा गळा लालभडक होतो. (म्हणून 'रक्त पितो' ही भानगड. पीत नाही.) सापसुरळी गुळगुळीत, तेल लावल्यासारखी चमकते. घोरपडीची जीभ दुभंगलेली, नख्या जाड. चावून माणूस मरेल अशी यातली एकही नाही. पिल्लू रंगीत दिसतं म्हणून त्याला विषारी ठरवून ठेचतात, ते तर फारच वाईट.

गंमत म्हणजे 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी गळ्याला रंगीत पंखा असणाऱ्या सरड्यांच्या एका गटाला नवं वंशनाम दिलं, तेही चक्क 'सरडा'! साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर त्यातली एक जात दिसते.

गूगल लेन्स वापरा, पण त्यावर विसंबू नका. मी सॉफ्टवेअरवाला आहे म्हणून सांगतो, असलं मॉडेल 'माहीत नाही' म्हणायला फारसं तयार नसतं. नेटवर फोटो जास्त करून मोठ्या जनावरांचे, त्यामुळे पिल्लात ते हमखास गोंधळतं. आयनॅचरलिस्टवर टाका, तिथे जाणकार माणसं तपासतात. लोकेशन मात्र लपवून टाका, शिकारीही फोन वापरतात.

मग पाळायचं काय? रानातलं काहीच नाही. बाहेरदेशी जातींमध्ये ग्रीन इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको ही नावं ऐकली असतील. इग्वाना आंतरराष्ट्रीय साइटिस यादीत आहे. अशा प्राण्यांसाठी केंद्राचे 2024 चे नियम आहेत: प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत परिवेश पोर्टलवर नोंदणी. विकणारा कागद दाखवत नसेल तर तिथून निघा. लेपर्ड गेकोचे भाऊबंद महाराष्ट्राच्या रानातही आहेत, त्यामुळे धरलेला जीव 'घरी वाढवलाय' म्हणून खपवणं सोपं. शंका आली की घेऊ नका.

कागद झाले तरी पुढे 15-20 वर्षं आहेत. दुकानातला हातभर इग्वाना पाच फुटांचा होतो, त्याला खोलीएवढी जागा लागते, आणि तो पालेभाजी खातो, किडे नाही. गेकोला उलट जिवंत किडे, त्यावर कॅल्शियमची पावडर. ही जनावरं अंगात उष्णता तयार करत नाहीत, म्हणून पेटीचं एक टोक गरम, दुसरं गार हवं. इग्वाना आणि ड्रॅगनला यूव्हीबी दिवा लागतोच. तो नसेल तर हाडं मऊ पडून वाकतात. दिवा पेटतोय म्हणजे काम करतोय असं नाही, त्यातले किरण आधीच संपतात, त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. आता आपल्याकडची लाइट आठवा. डिसेंबरच्या रात्री लाइट गेली तर गरम कसं ठेवणार, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत गार कसं?

डॉक्टरचं आधीच बघा. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण सरपटणाऱ्यांवर उपचार होतात का, हे जनावर आणायच्या आधी फोन करून विचारा. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, साल्मोनेला लागू शकतो. घरात पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर हा शौक पुढे ढकला.

आणि कंटाळा आला म्हणून इग्वाना मांजरेच्या काठी सोडून यायचा नाही. फ्लोरिडात असेच सोडलेले आणि सुटलेले इग्वाना आता तिथली डोकेदुखी झालेत. नोंदणी असेल तर रीतसर दुसऱ्याच्या नावावर करा. कुणी घोरपड विकताना दिसला तर स्क्रीनशॉट ठेवा, त्याच्याशी भांडत बसू नका, आणि वनविभागाच्या 1926 वर फोन लावा.