व्हेरिकोसील : आधी गोळ्या, मग ऑपरेशन?

‘आधी सहा महिने गोळ्या घेऊन पाहू, नाहीच जमलं तर ऑपरेशन करू,’ हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो. पण व्हेरिकोसीलमुळे मूल होत नसेल, तर त्यात मोठा गैरसमज आहे. या विकारात वृषणातलं रक्त वर नेणाऱ्या शिरांच्या झडपा नीट मिटत नाहीत. रक्त उलटं उतरून साचतं आणि शिरा फुगतात. त्यामुळे वृषणाचं तापमान आणि पेशींवरचा ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, शुक्राणूंची संख्या व हालचाल घटते. अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा रोख फक्त या ताणावर असतो. झडप नादुरुस्त ती नादुरुस्तच राहते.

‘गोळ्यांनी निदान थोडा तरी फरक पडेलच,’ असं कुणी म्हणेल. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी ही आशा फोल ठरवली. एकीत १७१ जोडप्यांतल्या पुरुषांना अँटिऑक्सिडंट, दुसरीत २३७० जोडप्यांतल्या पुरुषांना झिंक आणि फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं. दोन्हींत अपत्यप्राप्ती वाढली नाही. या चाचण्या केवळ व्हेरिकोसीलच्या रुग्णांच्या नव्हत्या, हा आक्षेप रास्त आहे. पण खास त्याच रुग्णांवरचा पुरावा शस्त्रक्रियेकडे झुकतो. २०११च्या एका चाचणीत हाताला लागणारं व्हेरिकोसील असलेले १४५ पुरुष होते. वर्षभरात नैसर्गिक गर्भधारणा शस्त्रक्रिया झालेल्या गटात ३२.९ टक्के, तर न झालेल्या गटात १३.९ टक्के जोडप्यांत झाली.

म्हणून दिसेल त्या शिरेवर शस्त्रक्रिया करावी, असं मात्र नाही. सुमारे १५ टक्के पुरुषांना व्हेरिकोसील असतं आणि त्यांतले बहुतेक बाप होतात. वीर्य तपासणी सदोष असेल आणि फुगलेली शीर डॉक्टरांच्या हाताला लागत असेल, तरच शस्त्रक्रियेला आधार आहे; ती फक्त सोनोग्राफीत दिसत असेल तर नाही. ‘ऑपरेशनने पुरुषत्व जातं’ ही भीतीही निराधार आहे : सूक्ष्मदर्शकाखाली फक्त सदोष शिरा बांधतात, धमनी जपतात. याउलट ‘ताकदीसाठी’ परस्पर घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणूनिर्मितीच दाबून टाकतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून शस्त्रक्रियेचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने जातात. त्याआधीचे महिने गोळ्यांत घालवले, तर तेवढं पत्नीचं वय वाढतं. वाट पाहण्याची ही किंमत दोघं मिळून मोजतात. म्हणूनच पहिल्याच भेटीत पुरुषाचीही नीट तपासणी व्हायला हवी.