पापलेट एक नव्हे!

धाराशिव (प्रतिनिधी) : उस्मानाबादी शेळी ओळखण्यास येथील शेतकऱ्याला प्रयोगशाळेची गरज भासत नाही. समुद्रात मात्र नजर फसते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून गौरविलेल्या पापलेटला शास्त्रज्ञ दीर्घकाळ 'पॅम्पस अर्जेन्टियस' संबोधत. डीएनए व शरीररचना तपासून भारतीय संशोधकांनी २०१९ मध्ये उत्तर हिंद महासागरातील पापलेट स्वतंत्र प्रजाती असल्याचे दाखविले आणि क्युव्हिए यांनी दिलेले 'पॅम्पस कँडिडस' हे जुने नाव पुन्हा प्रचारात आणले.

हा केवळ नावाचा खटाटोप नव्हे. चीनकडे पापलेट कितीही विपुल असले, तरी पालघरमधील सातपाटीच्या समुद्रातील तूट त्याने भरून निघणार नाही. पिलांच्या मासेमारीवर निर्बंध मागणाऱ्या तेथील मच्छीमारांच्या म्हणण्याला त्यामुळे बळच मिळते.