तुर्भ्याचे किरण, अकोल्याचे शेत

उन्हाळी भुईमुगाचे बियाणे घेताना शेतकरी ‘टॅग चोवीस’ मागतो, उडदासाठी ‘टीएयू वन’ म्हणतो. या अक्षरांत दोन गावे आहेत: टी म्हणजे ट्रॉम्बे, आपले तुर्भे, आणि ए म्हणजे अकोला. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या भागीदारीतून हे वाण आले. अणुशक्तीची चर्चा निघाली की आपण भट्ट्या आणि बॉम्ब यांवरच भांडतो. हा उडीद त्या भांडणात कधी येत नाही.

किरणांनी वंशगुण बदलतात हे हर्मन मुलर यांनी 1927 मध्ये फळमाशीवर दाखवले. पुढच्याच वर्षी लुईस स्टॅडलर यांनी बार्ली आणि मक्यावर तेच सिद्ध केले. कडधान्यांना या युक्तीची गरज अधिक होती. उडीद, मूग, हरभरा यांचे फूल उमलण्याआधीच बहुधा स्वतःच्या परागाने फळते (तूर अपवाद, तिथे मधमाश्या फार लुडबुड करतात), त्यामुळे आपोआप सरमिसळ थोडी. हाताने संकर करायचा तर इवल्याशा कळीतले परागकोश चिमट्याने काढा, पराग लावा, आणि अर्धी फुले गळताना बघा. एवढे करून शेंगेत दाणे मोजकेच.

पद्धत ऐकायला सोपी आहे. कोरडे बियाणे कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांखाली ठेवायचे. मात्रा जास्त झाली तर रोपे मरतात, कमी पडली तर काही घडत नाही. बी किरणोत्सर्गी होते का, ही शंका मात्र अजून विचारली जाते; ते होत नाही. पहिल्या पिढीत बदल सहसा दिसत नाही, कारण तो बहुतेकदा अप्रभावी गुणाचा असतो. प्रत्येक झाडाचे बी वेगळे पेरल्यावर दुसऱ्या पिढीत खुजी, वांझ, पिवळी, वेड्यावाकड्या पानांची झाडे उगवतात. हजारो झाडांतून कामाचे एखादे हेरायचे. माझ्या मते या शास्त्राचा खरा कस इथेच लागतो: किरण आंधळा असतो, ओळींतून फिरणारा पैदासकार नसतो.

तुर्भ्यात स्पॅनिश इम्प्रूव्हड या भुईमुगावर क्ष-किरण सोडून टपोऱ्या दाण्याचा टीजी-1 मिळाला. तो 1973 मध्ये प्रसारित झाला. पण मोठे यश असे किरणांनी बदललेले, म्हणजे उत्परिवर्ती, झाड थेट शेतात नेऊन आले नाही. ती झाडे संकरात आई-बाप म्हणून वापरली गेली, तेव्हा आले. 1991 चा टॅग-24 असाच: ठेंगणा, उभट, लवकर येणारा, पाल्यापेक्षा शेंगांवर जोर देणारा. 1985 च्या टीएयू-1 उडदाच्या वंशातही एक उत्परिवर्ती पूर्वज आहे, आणि हा वाण महाराष्ट्रात दशकानुदशके टिकला. पुढच्या टीजी-37ए या भुईमुगात ताज्या दाण्याला थोडी सुप्तावस्था आहे. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की शेंगा जमिनीतच कोंबतात, हे ज्याने पाहिले त्याला तिचे मोल सांगावे लागत नाही.

इतर ठिकाणी झटकन पाहू. पाकिस्तानात फैसलाबादच्या अणुकृषी संस्थेने करप्याला टिकणारा सीएम-72 हा हरभरा 1983 मध्ये दिला. दिल्लीच्या पुसा संस्थेनेही हरभऱ्याचे उत्परिवर्ती वाण काढले. विदर्भातल्या सोयाबीनमध्ये टीएएमएस मालिका आली.

तरीही हे तंत्र सगळीकडे चालत नाही. मुगा-उडदावरचा केवडा हा विषाणूरोग पांढरी माशी पसरवते आणि विषाणू बदलत राहतो. एका उत्परिवर्तनाने तो कायमचा आटोक्यात येत नाही. नव्या वाणांचे अडते ते वेगळ्याच ठिकाणी. भुईमुगाला हेक्टरी क्विंटलभर दाणे बियाण्यालाच लागतात, एका हंगामात त्याचे आठ-दहा पटच होतात, आणि साठवणीत दमट हवा लागली की उगवण घसरते. खासगी कंपनीला यात नफा दिसत नाही, सरकारी बीजोत्पादन अपुरे पडते. म्हणून 1991 चा टॅग-24 आजही मागितला जातो, आणि त्यानंतरचे चांगले वाण कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकेत पडून राहतात. तुर्भ्याच्या किरणांपेक्षा तालुक्याच्या कोरड्या गोदामावर पैसा खर्च झाला, तर ते वाण शेतात लवकर पोहोचतील असे मला वाटते.