तेहेतीस मण्यांची माळ

जपमाळ म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तुळशीचे किंवा रुद्राक्षाचे १०८ मणी आणि त्यांच्या टोकाचा मेरुमणी उभा राहतो. गोव्याकडील कॅथलिक घरांत सायंकाळी तेर्स म्हणताना हाती असणारी माळही आपल्याला अपरिचित नाही. परंतु अँग्लिकन पंथाची स्वतःची अशी एक माळ आहे आणि तिचे वय अजून अर्धे शतकही नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. पुण्याच्या पंचहौद मिशनमुळे (१८९० चे ते चहाचे प्रकरण आठवावे!) पंथ आपल्या ऐकिवातला आहे, माळ मात्र नवी.

ती इतकी नवी का, याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासात आहे. १५३४ साली आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडला. चारच वर्षांनी, १५३८ च्या राजाज्ञेत, अर्थाकडे लक्ष न देता मण्यांवर प्रार्थना मोजण्याच्या चालीचा निषेध झाला. आणि १५७१ च्या कायद्याने रोमहून आलेल्या माळा देशात आणण्यासही बंदी झाली. आक्षेप अगदीच खोटा होता असे म्हणवत नाही. हातात माळ आणि मन बाजारात, अशा भक्तांची आपल्या संतांनी काय थोडी हजेरी घेतली आहे? पण म्हणून वारकऱ्यांनी गळ्यातील तुळशीमाळ उतरवली नाही. इंग्लंडने मात्र माळच टाकली. मौज अशी की, इंग्रजीत मण्याला जो 'बीड' शब्द आहे (मराठवाड्यातील बीडाशी त्याचा संबंध नाही), त्याचा मूळ अर्थच प्रार्थना!

एकोणिसाव्या शतकात काही अँग्लिकनांनी कॅथलिक माळ पुन्हा हाती घेतली. नवी माळ घडली ती १९८० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील टेक्सस प्रांती. तेथील एपिस्कोपल चर्च ही अँग्लिकन परिवाराचीच शाखा. तिचे एक धर्मोपदेशक लिन बॉमन यांच्या पुढाकाराने एका प्रार्थनामंडळात तिचा उगम झाला. मणी ३३, म्हणजे परंपरेने मानलेली येशूच्या आयुष्याची वर्षे. वर्तुळात सात-सात मण्यांचे चार गट. त्यांना 'सप्ताह' म्हणतात. आपल्या नामसप्ताहाची आठवण व्हावी असेच नाव! गटांच्या मध्ये चार मोठे मणी, त्यांचा मिळून क्रूस होतो. वर्तुळाबाहेर एक आवाहनमणी आणि टोकाला क्रूस. आपण मेरुमणी ओलांडत नाही, तेथून माळ उलटी फिरवतो. येथे क्रूसापासून आत शिरायचे, वर्तुळ फिरायचे आणि पुन्हा क्रूसाशी बाहेर यायचे. तीन फेरे झाले की ९९ मणी होतात, आणि क्रूस धरून १००.

कोणत्या मण्यावर काय म्हणावे, हे कोणीच ठरवून दिलेले नाही. कोणी पौर्वात्य चर्चमधील येशूनामाची लहानशी प्रार्थना घेतो, कोणी चौदाव्या शतकातील नॉर्विचच्या ज्युलियनची वचने. हे स्वातंत्र्य लोकांना आवडते. मला त्यातच या माळेची अडचण दिसते. कॅथलिक आजीला तेर्साचे शब्द आठवावे लागत नाहीत; ती थकली तरी शब्द तिला पुढे नेतात. रोज नवे शब्द शोधणाऱ्याची बोटे मण्यांवर राहतात आणि डोळे कागदावर.

या अडचणीवरचा उपाय अँग्लिकनांच्या घरीच आहे, आणि तो नाताळपूर्वीच्या आगमनकाळात सापडतो. हा काळ केवळ नाताळच्या खरेदीचा नव्हे. मृत्यू, न्याय, स्वर्ग आणि नरक हे त्याचे जुने चिंतनविषय. येशूच्या पुनरागमनाची वाट पाहण्याचा हा काळ. त्याच्या पहिल्या रविवारची प्रार्थना, अंधार टाकून प्रकाशाचे कवच मागणारी, १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात आली. १६६२ च्या पुस्तकात तर स्पष्ट सूचना आहे की, ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज म्हणावी. मणी मोजण्यास नाके मुरडणाऱ्या चर्चने जवळजवळ महिनाभर तीच प्रार्थना म्हणण्याचा नेम मात्र ठेवला होता!

तेव्हा चार मोठ्या मण्यांवर ही प्रार्थना आणि सप्ताहमण्यांवर 'मारानाथा', म्हणजे 'प्रभो, ये', हा अरामी उद्गार, एवढे धरले तरी पुरे. चार रविवारांना चार मोठे मणी जुळतात. दिवसांचा मेळ मात्र दरवर्षी बसत नाही. २०२२ साली आगमनकाळ २७ नोव्हेंबरला सुरू झाला आणि २८ सप्ताहमण्यांइतकेच, २८ दिवस भरले. २०२३ साली तो ३ डिसेंबरला सुरू होऊन २२ दिवसांतच आटोपला. चौथा रविवार त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशीच आला, म्हणजे शेवटच्या आठवड्याला अवघा एक दिवस. माळेवर मात्र चौथ्या मण्यानंतरही सात मणी असतातच, आणि ते सगळे म्हणूनच क्रूसाशी यायचे असते.