मूठ वर करा, पण स्टिअरिंग सोडू नका

१९ मार्चच्या रात्री रत्नागिरीहून महाडला जाणाऱ्या गाडीत आपण बसला असाल, तर पुढचे सांगायला नको. हातखंबा मागे पडला की फर्माईश होते, "भीमगीतं लावा!" २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्या भूमीला वंदन करायला निघालेली ही दिवसभर राबलेली माणसे. पण ढोलकी कडाडली आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घुमला की पेंगणारी आजीसुद्धा ताठ बसते. ध्रुपदाला साऱ्या मुठी एकदम वर!

यात जादू नाही. ध्रुपद छोटे, ठेका चालता. शाहिराने ओळ टाकायची, सर्वांनी ती झेलायची. प्रौढपणी अक्षरे शिकलेल्या वामनदादा कर्डकांना आपल्या माणसांची ही नाडी ठाऊक होती. वाटेत पोलादपूरला उजवीकडे महाबळेश्वर-पाचगणीचा फाटा लागतो. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. त्याच्या 'क्वीन' या रॉक संचाने १९७७ साली 'वुई विल रॉक यू' हे गाणे काढले. दोनदा पाय आपटायचा, एकदा टाळी, ऐकणाराच वादक! सातासमुद्रापार युक्ती तीच.

मात्र एका वर्षी कशेडी घाटात आमच्या ड्रायव्हरभाऊंनीही ध्रुपदाला मूठ उगारली. समोर वळण, वळणावर ट्रक. गाडी कठड्याला घासून थांबली. कुणाला इजा झाली नाही, पण लेकरे रडू लागली. भाऊ खाली मान घालून म्हणाले, "दिवसभर भाडी मारली होती. झोप येत होती, म्हणून आवाज वाढवला."

चूक आमचीही होती. निघताना त्यांना "झोप झाली का?" असे कुणी विचारले नव्हते. गाण्याने झोप जात नाही, ती थोडा वेळ लपते.

तेव्हापासून आम्ही ड्रायव्हर आधी झोपवतो आणि मगच गाडी काढतो. घाटात आवाज कमी. गाणी बदलण्याचे काम मागे बसलेल्या पोराकडे. ध्रुपद आले की ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच. त्यांच्या वाटणीची मूठ आम्ही वर करतो. महाडला उतरल्यावर मात्र सर्वांत मोठा 'जयभीम' त्यांचाच असतो.