वाळूतील चतुरिंद्रिय जीव

रत्नागिरी जिल्ह्यात पूर्णगडच्या छोटेखानी किल्ल्यापाशी मुचकुंदी नदी समुद्रास मिळते. सह्याद्रीत माचाळच्या परिसरात उगम पावलेल्या या नदीचे पाणी मुखाशी खारे असते. भरतीची पोहोच संपली की वरच्या अंगास गोड्या पाण्याचा काठ लागतो. नद्यांच्या अशा काठांवरील ओली वाळू पाहणाऱ्यास निर्जीव भासते. वस्तुतः ती असंख्य जीवांचे घर असते.

गोड्या पाण्याकाठच्या वाळूतच राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या एका वंशास शास्त्रज्ञ ‘ओमोफ्रॉन’ म्हणतात. भारतातही त्याच्या जाती आहेत. अंगाने वाटोळा, फुगीर, पिवळसर रंगावर गडद नक्षी असलेला हा कीटक एक सेंटिमीटरही भरत नाही. दिवसा तो ओल्या वाळूत पुरून घेतो आणि रात्री बाहेर येऊन लहान कीटक टिपतो. त्याच्या अळ्याही त्याच वाळूत वाढतात. वाळूवर पाणी ओतले की तो लगबगीने वर येतो. अभ्यासक त्याला असाच शोधतात.

तत्त्वार्थसूत्रात भ्रमराची गणना चतुरिंद्रिय जीवांत आहे. स्पर्श, रस, गंध व दृष्टी लाभलेला हा भुंगेराही त्याच पंक्तीचा. आपल्या घरी पाणी गाळून घेतात आणि जिवाणी मूळ जलाशयात परत सोडतात. बांधकामासाठी ट्रकभर वाळू येते तेव्हा मात्र तिच्यातील जीवांना परतीची वाट नसते. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी खोदण्याचे स्फोटकर्म आणि जलाशयांचे शोषण, दोन्ही सांगितली आहेत. आपण वाळूचा व्यवसाय करीत नाही, एवढ्यावर समाधान मानता येईल काय? मागणी तर आपलीच असते.

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली. म्हणून घर, दुकान वा धर्मशाळा बांधताना वाळू कोठून आली, हे विचारावे. परवाना व पावती पाहावी. दगड चुरून केलेली वाळू वापरता येते. तीही खाणीतून येते, त्यामुळे सर्वस्वी निर्दोष नव्हे; परंतु नदीचा काठ तरी वाचतो. हिशेबाच्या वहीत वाळूचा दर लिहिताना एवढी चौकशी करणे व्यापारी कुटुंबास अवघड नाही.